घरकामगार, पण फक्त कागदावर

गावात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा मास्तर असला की त्याच्याकडे कागद येतात. राणीसावरगावात माझ्याकडे तीन प्रकारचे कागद येतात. एक, निजामाच्या काळातले उर्दू दस्त, ज्यात शेताच्या चतुःसीमा आणि आजोबा-पणजोबांची नावं असतात. दुसरे, निकाहनामे. आणि तिसरा प्रकार गेल्या पंधरा वर्षांत वाढत गेला आहे, तो म्हणजे सौदी, कुवेत, कतारच्या व्हिशाच्या झेरॉक्स. सरांना उर्दू येतं म्हणजे अरबीही येत असणार, असा लोकांचा समज आहे. लिपी जवळपास तीच आहे, भाषा वेगळी आहे. पण व्हिशावर शब्द असतात मोजके, आणि ते पाहून पाहून मला पाठ झाले आहेत.

त्यातला एकच रकाना मी आधी शोधतो. त्यावर 'मिहना' लिहिलेलं असतं. मिहना म्हणजे पेशा, हा माणूस कोणत्या कामासाठी येतो आहे ते. आमच्या भागातल्या पोरांच्या व्हिशावर या रकान्यात बऱ्याचदा दोनपैकी एक नोंद सापडते: 'साइक खास' किंवा 'आमिल मंजिली'. साइक खास म्हणजे खाजगी ड्रायव्हर, ज्याला पोरं हाउस ड्रायव्हर म्हणतात. आमिल मंजिलीची मात्र गंमत आहे. उर्दूत आमिल म्हणजे ताईत-गंडे देणारा, आणि मंजिल म्हणजे मुक्काम. फक्त उर्दू येणाऱ्याला वाटेल, पोराला मुक्कामाला पोचवणारा कुणी बाबा भेटला! अरबीत आमिल म्हणजे साधा कामगार आणि मंजिल म्हणजे घर. थोडक्यात घरकामगार, म्हणजे कुणाच्या तरी घरात झाडू-पोछा, स्वयंपाक, बागेला पाणी अशी कामं करणारा.

मग मी पोराला विचारतो, "काम काय सांगितलंय एजंटनं?" उत्तर येतं, "सर, बकाल्यात. दुकानात माल लावायचा, काउंटरवर बसायचं." बकाला म्हणजे तिकडचं किराणा दुकान. आपल्याकडे जुने लोक 'बनिया-बक्काल' म्हणायचे, त्यातलाच हा शब्द. काम दुकानातलं आणि कागद घरातला. पोराच्या आईला यात काही वावगं दिसत नाही. ती म्हणते, "सर, जाने को मिल रहा है ना, कागज पे कुछ भी लिखने दो."

कागदावर काहीही लिहिलेलं नसतं. त्या नोंदीमागे पैशाचा हिशोब आहे. आपली पोरं त्या हिशोबाच्या आतच राबतात, म्हणून तो इथे मांडतो.

सौदी अरेबियात पगारावर आपल्यासारखा इन्कम टॅक्स नाही. पण परदेशी कामगार ठेवणाऱ्या धंदेवाल्याला दर माणसामागे सरकारला पैसे भरावे लागतात. जानेवारी 2018 पासून हा आकार मोठा झाला. ज्या दुकानात किंवा कंपनीत परदेशी माणसं स्थानिकांपेक्षा जास्त, तिथे दर परदेशी माणसामागे महिन्याला 400 रियाल. 2019 साली 600 झाले आणि 2020 साली 800. म्हणजे वर्षाला 9600 रियाल. आपल्या पैशात दोन लाखांहून जास्त, तेही पगार सोडून. मोठ्या कंपनीला हे परवडतं. चार फळ्यांचं बकाला चालवणाऱ्याचं कंबरडं मोडतं.

घरात नोकर ठेवणाऱ्या कुटुंबाला मात्र हा आकार नव्हता. घर म्हणजे काही धंदा नव्हे, तेव्हा त्याच्यावर धंद्याचा बोजा नको, असा साधा विचार त्यामागे असावा. विचार चांगलाच आहे. पण छोट्या दुकानदाराच्या डोक्यात लगेच हिशोब झाला. दुकानाच्या नावानं माणूस आणला तर वर्षाला 9600 रियाल. तोच माणूस घराच्या नावानं आणला तर ते पैसे वाचले. घर आणि दुकान एकाच मालकाचं. तपासायला रोज कोण येतंय? मग व्हिसा निघतो घरकामगाराचा, आणि पोरगं विमानतळावरून थेट दुकानात जातं.

सौदी सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी दोन्ही बाजूंनी दोरी ओढली. 2020 मध्ये नऊ किंवा त्याहून कमी माणसांच्या दुकानांना काही परदेशी कामगारांपुरती या आकारातून सूट दिली, आणि अट घातली की मालकानं स्वतः त्या दुकानात पूर्णवेळ काम करायला हवं. दुसरीकडे मे 2022 पासून घरकामगारांवरही आकार सुरू केला. सौदी कुटुंबाला चार घरकामगारांपर्यंत सूट, तिथे राहणाऱ्या परदेशी कुटुंबाला दोनपर्यंत, त्यापुढच्या प्रत्येकामागे वर्षाला 9600 रियाल. आकडा बघा, दुकानाच्या आकाराइतकाच. एकेका घराच्या नावावर डझनभर 'घरकामगार' दाखवण्याची सोय त्यामुळे महाग झाली. पण चारपर्यंतची जागा मोकळी राहिली, आणि छोट्या दुकानाला लागतातच किती माणसं? दोन-तीन.

मालकाची बचत झाली, एजंटचं कमिशन निघालं, पोराला नोकरी मिळाली. तिघांचंही भलं झालं असं वाटतं. तोटा कुणाला होतो ते नंतर कळतं.

सौदीचा कामगार कायदा 2005 चा आहे. त्यात कामाचे तास, ओव्हरटाइम, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम हे सगळं आहे. पण त्या कायद्यानं घरकामगारांना सुरुवातीलाच बाहेर ठेवलं. त्यांच्यासाठी 2013 मध्ये वेगळी नियमावली आली: दिवसात किमान नऊ तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, दोन वर्षांनी महिनाभर भरपगारी रजा. 2024 मध्ये त्याहून सुधारित नियमावली लागू झाली. ठीक आहे, काहीतरी आहे. पण ही नियमावली घरात काम करणाऱ्यासाठी आहे. दुकानासाठीचा कायदा दुकानाच्या कागदावर असलेल्यांसाठी आहे. ज्याचा कागद घराचा आणि काम दुकानाचं, तो या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

माझा एक माजी विद्यार्थी असाच पडला. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. हुशार होता, दहावीला मराठीत चांगले मार्क होते. घराच्या व्हिशावर गेला आणि अडीच वर्षं बकाल्यात उभा राहिला. सकाळी सातला शटर वर, रात्री बाराला खाली, दुपारी नमाज आणि जेवणापुरती सुट्टी. पगार पहिली दोन वर्षं वेळेवर आला. नंतर मालकाचा धंदा बसला आणि चार महिने पगार नाही. पोरानं तक्रार करायचं ठरवलं. तिथल्याच एका मल्याळी माणसानं त्याला समजावलं, तू तक्रारीत लिहिणार काय? मी दुकानात काम केलं, असं? तुझा व्हिसा घराचा आहे. दुकानात काम करणं हाच तुझा गुन्हा ठरेल. दंड मालकाला होईल तेव्हा होईल, तुला आधी परत पाठवतील.

पुढे कितीतरी दिवस मला हीच गोष्ट सलत राहिली. इतर कोणत्याही मजुराकडे निदान एक पुरावा असतो की मी इथे राबलो. याच्याकडे पुरावा होता. दुकानाच्या कॅमेऱ्यात अडीच वर्षं तो दिसत होता. पण त्याच्या मेहनतीचा पुरावा आणि त्याच्या गुन्ह्याचा पुरावा एकच होता. शेवटी तडजोड झाली. दीड महिन्याचा पगार आणि परतीचं तिकीट घेऊन तो आला. आता गंगाखेडला ऑटो चालवतो आणि भेटला की "सलाम, सर" म्हणून ऑटो थांबवतो.

यात आपल्या सरकारच्या नियमांचा भागही समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे शिक्षणाचा संबंध येतो. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर नोंद असते. आखातातल्या देशांसह 18 देशांत नोकरीला जायचं तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी लागते. हे 1983 च्या कायद्यानं आलं. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईंसाठी नियम आणखी कडक आहेत. वय 30 च्या आत असेल तर मंजुरी नाही. परदेशी मालकानं 2500 डॉलरची बँक गॅरंटी द्यायची. 2016 पासून अशा बायांची भरती फक्त सरकारी संस्थांमार्फत. 2014 च्या जानेवारीत भारत आणि सौदी यांच्यात घरकामगारांबद्दल खास करारही झाला.

हे नियम बायांना बांधून ठेवतात असं काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. नवरा वारलेली सत्तावीस वर्षांची बाई, पदरात दोन लेकरं. तिला नियम सांगतो, तीन वर्षं थांब. एजंट सांगतो, व्हिजिट व्हिशावर आज चल. ती कुणाचं ऐकेल? व्हिजिट व्हिशावर गेली की तिच्या बाजूचा प्रत्येक कागद संपला.

पोरांचं उलट होतं. दहावी पास झालेल्या पोराला मंजुरी लागत नाही. आम्ही शिक्षक जिवाचं रान करून त्याला पास करतो, आणि त्या सनदेमुळे त्याचा करारनामा कुणीच तपासत नाही. शिकलेला माणूस आपला कागद आपण वाचेल, असं सरकारनं धरलंय. धरलंय ते बरोबर आहे. म्हणजे वाचायला शिकवणं ही जबाबदारी आमच्यावर येते.

याच विषयात युरोपनं वेगळं काय केलं ते पाहू. तिथेही लोक घरकामाला बाई ठेवायचे आणि रोख पैसे देऊन मोकळे व्हायचे. नोंद नाही, विमा नाही, पेन्शन नाही. सरकारांनी ओळखलं की छापे घालून घराघरात शिरता येणार नाही. मग त्यांनी मालकालाच लालूच दिली. जर्मनीत घरातल्या कामावर केलेल्या खर्चाच्या 20 टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त 4000 युरो, तुमच्या आयकरातून वजा होते. पण पावती हवी आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत. रोख दिले तर सवलत नाही. फ्रान्स निम्मा खर्च करात परत देतो, ठरावीक मर्यादेत. स्वीडननं 2007 पासून मजुरीच्या निम्म्या रकमेची सवलत सुरू केली. तिथला छोटा दुकानदार किंवा डॉक्टर घर आणि दुकान दोन्हीकडे एकच बाई ठेवत असेल, तर तिचा दुकानातला पगार धंद्याच्या खर्चात आणि घरातला पगार या सवलतीत, असे वेगळे हिशोब दाखवावे लागतात. म्हणजे सवलत मिळवायची तर खरं लिहावं लागतं.

सिंगापूरची रीत तिसरी. तिथे घरी बाहेरदेशची बाई ठेवायची तर सरकारला महिन्याला 300 डॉलर भरायचे. घरात 16 वर्षांखालचं मूल, 67 च्या पुढचं म्हातारं माणूस किंवा अपंग व्यक्ती असेल तर फक्त 60 डॉलर. आणि त्या बाईनं नोंदवलेल्या पत्त्यावरच, घरकामच करायचं. मालकाच्या दुकानात तिला बसवता येत नाही. येणाऱ्या बाईचं वय 23 ते 50 आणि शिक्षण किमान आठ वर्षांचं हवं.

सवलत सौदीतही आहे आणि जर्मनीतही. एका ठिकाणी खोटं लिहिलं तर पैसे वाचतात, दुसऱ्या ठिकाणी खरं लिहिलं तर. माणूस सगळीकडे सारखाच, पैसे वाचतील तिकडे जाणारा. तिथले लोक वाईट आणि इथले चांगले, असा काही प्रकार नाही. नियमानं कोणती वाट सोपी केली एवढाच फरक.

आता आपल्या घराकडे वळू, कारण सौदीच्या मालकाला नावं ठेवणं सोपं आहे. गंगाखेडच्या किंवा आमच्या गावच्या कोणत्याही दुकानात जा. एक पोरगं असतं. सकाळी दुकान झाडतं, मालकाच्या लेकराला शाळेत सोडतं, दुपारी मालकिणीला भाजी आणून देतं, संध्याकाळी काउंटरवर बसतं. त्याला घरकामगार म्हणायचं की दुकानातला नोकर? कुणी विचारत नाही, कारण कुठे लिहायचंच नसतं. आपला आयकर कायदा म्हणतो, धंद्यासाठीच केलेला खर्च धंद्याच्या नफ्यातून वजा होईल, घरचा होणार नाही. पण छोटे दुकानदार बहुतेक 44 एडी या कलमाखाली कर भरत आले. दोन कोटींपर्यंत उलाढाल असेल तर त्यातला आठ टक्के, आणि डिजिटल पैसे आले असतील तर सहा टक्के नफा मानायचा आणि त्यावर कर द्यायचा. वेगळा खर्च दाखवायची गरज नाही, सविस्तर वह्या ठेवायची गरज नाही. दुकानदारासाठी ही खरोखर चांगली सोय आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्या वह्यांबरोबर त्या पोराचं नावही गेलं. घरी भांडी घासणाऱ्या मावशीचं नाव तर कोणत्याच वहीत कधी नव्हतं.

कागद मिळू शकतो, असं नाही की मिळत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. 2021 पासून ई-श्रम पोर्टलवर नोंद करता येते. पण ही नोंद कामगारानं स्वतः करायची असते. मालकानं कशाचीही नोंद करायचं बंधन नाही आणि केली तर सवलतही नाही. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार 2011 साली झाला, भारतानं बाजूनं मत दिलं, पण अजून तो स्वतःला लागू करून घेतलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की या कामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का हे तपासायला समिती नेमा.

आमच्या तालुक्याला या विषयाचं वावडं असायला नको. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. लहानपणी घर सोडून पंढरपुरी गेल्या आणि नामदेवांच्या घरी आयुष्यभर कामाला राहिल्या. दळण, कांडण, शेण, पाणी. घरकामाला दूरगावी गेलेल्या बाईचं नाव आमच्याकडे सात शतकं लोकांच्या तोंडी आहे, तिच्या नावानं कॉलेज आहे. मी वर्गात मराठीच्या तासाला जनाबाई शिकवतो तेव्हा मुस्लिम पोरी फार मन लावून ऐकतात. त्यांच्यातल्या कित्येकींच्या आया दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करतात. आपण जिची कहाणी सांगतो ती जनाबाई, आणि आपल्या मोरीवर बसलेल्या मावशीचं पूर्ण नावही आपल्याला ठाऊक नसतं.

मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, हे आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. पण आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. कुरआनातली सगळ्यात लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकरामधली 282 वी. नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायला कंटाळू नका, याबद्दल आहे. थकलेला पगार म्हणजे मालकावरची उधारीच की. तेव्हा 'कागज पे कुछ भी लिखने दो' हे आपल्या तोंडी शोभत नाही, आईच्याही नाही आणि मालकाच्याही नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. आमच्या घरी मावशी येतात, त्यांच्या नावाची एक वही आहे. पगार, उचल, सुट्ट्या, सगळं तीत. ई-श्रमची नोंद माझ्या बायकोनं त्यांच्यासोबत जाऊन करून घेतली. शाळेत अर्जलेखनाच्या तासाला मी पोरांना नुसता मुख्याध्यापकांना सुट्टीचा अर्ज लिहायला लावत नाही. एक करारनामा फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यात काम कोणतं, जागा कोणती, मालक कोण, पगार किती आणि कोणत्या तारखेला?

व्हिशाचा कागद घेऊन येणाऱ्याला मी एवढंच सांगतो. मिहनाच्या रकान्यात जे लिहिलंय तेच काम करायला तू निघाला आहेस का, हे एजंटला माझ्यासमोर फोन लावून विचार. एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत आहे का, बघ. त्याला घ्यायचा हक्क 30 हजार रुपये आणि त्यावरच्या जीएसटीपुरताच आहे. त्यापुढे मागितले तर पावती माग, देणार नाही. प्रवासी भारतीय विम्याचे काही शे रुपये भर, दहा लाखांचं कवच आहे. करारनाम्याची एक प्रत आईकडे ठेव. आणि घरकामगार लिहिलं असेल नि दुकानात बसवणार असतील, तर नोंद बदलून माग. मालक म्हणेल, त्यासाठी वर्षाला 9600 रियाल पडतात. म्हणू दे. ते पैसे तो भरत नसेल तर ते तुझ्याकडून वसूल होतात, एवढं लक्षात ठेव.

गेल्या वर्षी अशी तीन पोरं माझ्याकडे आली. दोघं तरीही गेले. एकानं नोंद बदलून मागितली, एजंटनं दोन महिने टोलवलं, आणि मग दुकानाचा व्हिसा आला. पगार बोलल्यापेक्षा शंभर रियाल कमी आहे. पण मिहनाच्या रकान्यात त्याचं खरं काम लिहिलं आहे.